खोकला

मिल्टन कीन्स, २ जून २०२५

चि. शशी,

बहात्तर वर्षांचा झालास तरी धाकटा तो धाकटाच, तेव्हा आधी आशीर्वाद घे आणि मग भांडायला बस. फोनवर आपलं दोन वाक्यांत वाजतं आणि कोणीतरी फोन ठेवून देतं. म्हणून आईचा नियम बरा. भांडायचं तर कागदावर.

बातमी अशी की यंदा आमची बेसबॉलची टीम, हेजहॉग्ज, प्लेऑफला जाणार. हस. हस हवा तेवढा. आठ टीम्स, त्यातल्या पहिल्या चार प्लेऑफ खेळणार. आम्ही आज सहावे आहोत, पण वरच्या दोघांशी आमच्या मॅचेस आमच्याच मैदानावर व्हायच्यात. जयंत म्हणतो, "आई, एवढा अभ्यास मी नोकरीचा केला असता तर आज डायरेक्टर असतो." त्याला काय कळतंय! ऑफिस आणि वाटेतले राउंडअबाउटचे गोल चौक याशिवाय माझ्या लेकाने या गावात काही पाहिलेलं नाही.

तुला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सांगते. चेंडू टाकतो तो पिचर. बॅटरच्या मागे उकिडवा बसून तो चेंडू धरतो तो कॅचर. आमची कॅचर तनिषा, माझी नात. अठरा वर्षांची पोर बाप्यांच्या बरोबरीने खेळते. पिचर सुयश, नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. चेंडू वर टाकायचा की खाली, हे कॅचर ठरवते आणि बोटांच्या खुणांनी पिचरला कळवते. समोरचे लोक त्या खुणा चोरतात. मग मी काय सुचवलं असेल? म्हटलं, खुणा कशाला, सरळ मराठीत ओरड. "वर!" नाहीतर "खाली!" बॅटर बिचारा नुसता बघत राहतो. तेव्हापासून तीन मॅचेस झाल्या, तिन्ही जिंकलो.

तुझी क्रिकेटची अंपायरगिरी सुटून दोन वर्षं झाली. रविवारी घरात बसून काय करतोस? ये एकदा बघायला.

तुझी ताई

*

ईलिंग, ९ जून २०२५

ती. ताई,

नमस्कार पोचता करतो. बाकी पत्र वाचून धक्का बसला.

चाळीस वर्षं मी पांढरा कोट घालून उन्हातान्हात उभा राहिलो तो सभ्य माणसांच्या खेळासाठी. आणि माझी सख्खी बहीण शहात्तराव्या वर्षी त्या दांडपट्ट्याच्या मागे लागली. चेंडू टप्पा न पडता येतो, हाणला तर हाणला, नाहीतर चालू पडा. ह्याला खेळ म्हणतात?

प्लेऑफची आशा धरू नकोस. वरच्या चारात आमचे ईलिंग हेरॉन्स पक्के आहेत, असं कानावर येतं. त्यांचा कबीर नावाचा डावखुरा मुलगा खालचा चेंडू थेट झाडांपलीकडे घालवतो म्हणे.

आणि ते मराठीचं. ताई, २०७ नंबरच्या बसमधली टोपी विसरलीस? समोरच्या बाईच्या टोपीवर तू मला मराठीत म्हणालीस, "कोंबडं बसलंय की काय डोक्यावर?" आणि ती बाई उतरताना म्हणाली, "कोंबडं नाही हो, सांगलीच्या मावशीने विणलीय." या देशात मराठी कोणाला कळत नाही असं समजणारी माणसं फक्त मराठीच असतात. लपवायचंच असेल तर बाबांपासून लपवायचो तसं लपवा. च ची भाषा आठवते का?

रविवारी जमणार नाही. बागेत फार काम असतं.

तुझा शशी

*

मिल्टन कीन्स, २१ जुलै २०२५

चि. शशी,

अनेक उत्तम आशीर्वाद, कारण आज मी खुशीत आहे. आम्ही पाचवे! आणि चौथे कोण? तुमचे हेरॉन्स, म्हणजे बगळे. १० ऑगस्टला रविवारी त्यांच्याशी आमची शेवटची मॅच, आमच्या मैदानावर. जो जिंकेल तो प्लेऑफला, जो हरेल तो घरी. माझ्या मते शक्यता साठ-चाळीस. साठ आमचे.

आता भांडण बाजूला ठेवून एक सांगते. हे मी जयंत-रश्मीला सांगितलेलं नाही. आमचे हे गेल्यापासून तनिषा आणि मी एका घरात राहून अनोळखी झालो होतो. मी मराठीत विचारायचं, तिने "फाइन" म्हणायचं आणि खोलीचं दार लावायचं. तिचा दोष नाही. तिचं मराठी मोडकं, माझं इंग्रजी पोस्टाच्या काउंटरवरचं. पण एप्रिलमध्ये मी ते मराठीत ओरडायचं सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली, "आजी, ‘हाय’ला काय म्हणतात, ‘लो’ला काय?" तिथून सुरू झालं. आता गाडीत बसली की प्रश्न. "वाकडा" म्हणजे काय, "फसवलं" कसं म्हणायचं. तुझ्या पत्रातली च ची भाषा शिकवली तर वेडीच झाली. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी टाकायचं, त्याच्या जागी च. वर म्हणजे चरव, खाली म्हणजे चलीखा. काल मला म्हणाली, "चजीआ, चहाच." म्हणजे आजी, चहा. अरे, मला रडूच आलं.

सप्टेंबरात ती लीड्सला युनिव्हर्सिटीत जाणार. मॅचेस संपल्या की हे बोलणं संपणार, हे मला स्वच्छ दिसतंय. म्हणून मला प्लेऑफ हवाय. कप गेला खड्ड्यात. मला अजून दोन-तीन रविवार हवेत.

ती तुझी नक्कलही झकास करते. आधी खोकते आणि मग म्हणते, "थोडं श्रीखंड चालेल."

सोबत राखी आहे. आमच्या टीमच्या रंगांची, नारिंगी-हिरवी, मी स्वतः गुंफलेली. ९ तारखेला बांध. यायला तुला कुठली सवड, तुझी बाग आहे ना!

तुझी ताई

*

ईलिंग, ३० जुलै २०२५

ती. ताई,

राखी मिळाली. रंग भडक आहेत, पण बांधीन.

तनिषाचं वाचून बरं वाटलं. पण मोठा भाऊ असतो तर सांगितलं असतं, ते धाकटा म्हणून सांगतो. फार आशेवर राहू नकोस. तुमच्या सुयशचा खांदा तिसऱ्या इनिंगनंतर उतरतो. आणि हेरॉन्स आता निर्धाराने उतरणार आहेत, असं ऐकतो. मॅच हरलात तर मन खट्टू करून घेऊ नकोस, एवढंच.

रविवारी १० तारखेला फोन करू नकोस. बागेत असेन.

तुझा शशी

*

मिल्टन कीन्स, ११ ऑगस्ट २०२५

शशी,

आज आशीर्वाद नाहीत. कालपासून रश्मीने दोनदा बीपी मोजलंय.

तू होतास तिथे. तुला काय वाटलं, मला दिसणार नाही?

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझं डोकं फुटेल. पहिल्या इनिंगपासून तुमच्या पोरांनी आमच्या सुयशला धुतला. तनिषा "खाली" ओरडली की बॅटर आधीच गुडघे वाकवून तयार. "वर" म्हणाली की बॅट खांद्याशी. चार इनिंग्जमध्ये सहा रन! आमचा एक. लोक म्हणायला लागले, सुयश दमला. मला तुझं पत्र आठवलं. म्हटलं, शशीला खेळ न बघता कसं कळलं असेल?

चौथ्या इनिंगनंतर तनिषा कुंपणापाशी आली. चेहरा लालबुंद. "आजी, दे नो. त्यांना मराठी कळते. कोणीतरी आहे." पन्नास वर्षं मी या देशात बसमध्ये, दुकानात, डॉक्टरकडे मराठीत वाट्टेल ते बोलत आले. मी म्हटलं, "च लाव." ती हसली, सुयशकडे पळाली. तोही लहानपणी ती भाषा बोललेला होता. पाचव्या इनिंगपासून चरव, चलीखा सुरू झालं आणि तुमची पोरं हवेत बॅटी फिरवायला लागली. एकही रन नाही! आमची मुलं पेटली. सहावी इनिंग संपली तेव्हा आम्ही सात, तुम्ही सहा.

सातव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला मी दुर्बीण घेतली. म्हटलं, बघू तरी हा घरभेदी कोण! तुमच्या बाकावर पोरांच्या रांगेत एक म्हातारा. डोक्यावर निळी टोपी. आणि मनगटावर नारिंगी-हिरवी राखी.

माझी राखी, शशी. आदल्या दिवशी बांधलेली.

दुर्बीण हातातून पडली. जयंत म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, ऊन लागलं. काय सांगू त्याला? तुझा शशीमामा समोर बसलाय आणि इतका वेळ आपल्या पोरीचा गळा कापतोय? मी पुन्हा पाहिलं. तुझे दोन्ही हात मांडीवर, गप्प. सारखा खोकत तेवढा होतास. तिसऱ्या बेसवर तुमचा माणूस बरोबरीची रन काढायला टपलेला, बॅटवर कबीर. तनिषा ओरडली, "चलीखा!" तू खोकलास, सुयशने टाकला, कबीरने फिरवली, हुकला. संपलं. आम्ही प्लेऑफमध्ये!

सगळे नाचत होते आणि मी खुर्चीत बसून होते. मग उठून पलीकडे जाऊन शोधलं तर तुमची व्हॅन निघून गेली होती.

रात्रभर विचार केला. आधी वाटलं, तुझं तोंड बघायचं नाही. मग वाटलं, च ची भाषा तुझ्याइतकी कोणाला येत होती? बाबांसमोर तू आख्खी गोष्ट सांगायचास त्या भाषेत. चार इनिंग्ज तू शत्रू होतास, मान्य. पण पोर आपल्या लहानपणीच्या भाषेत बोलायला लागली आणि तुझे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत. स्वतःची टीम घालवलीस, पण बोलला नाहीस. एवढी मोठी ओवाळणी तू मला आयुष्यात घातली नव्हतीस. राग आहेच. पण त्याच्यावर हे आहे.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला कसली रे बाग?

खोकला फार दिसला. अडुळसा घे.

ताई

*

ईलिंग, १४ ऑगस्ट २०२५

ती. ताई,

साष्टांग नमस्कार, आणि तो खरोखर जमिनीवर पडून घातला असं समज.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटचा परिच्छेद वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलो असतो तर तू मला आयुष्यभर देवमाणूस समजली असतीस. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण चाळीस वर्षांत चुकीचा निर्णय कळूनही तसाच ठेवलाय असं एकदाही झालं नाही.

ताई, मला खोकला नाही.

आधी मी हातानेच सांगत होतो. हात वर तर चेंडू वर, हात गुडघ्यावर तर खाली. पाचव्या इनिंगला तुमचा अंपायर माझ्याकडे टक लावून पाहायला लागला. म्हणून हात मांडीवर ठेवले आणि खोकायला लागलो. खोकलो की खाली, गप्प राहिलो की वर. च मला पहिल्याच चेंडूला कळला. साठ वर्षांनी कानावर पडला तरी कळला. मी सातव्या इनिंगपर्यंत एक चेंडू सोडला नाही. कबीरलाही सांगितलं होतं, खाली येतोय. तो खालीच खेळला. चेंडू आला वरून.

तुमच्या सुयशचा हात तोवर पार भरकटला होता. पोरगी म्हणायची खाली, हा टाकायचा वर. ती म्हणायची वर, हा खाली. नेम गेलेल्या माणसाने मॅच जिंकून दिली, याला नशीब म्हणतात. तेव्हा ओवाळणी वगैरे काही नाही. होती ती फितुरी. मोठ्याने ओरडलेलं ऐकणं हा नियमाने गुन्हा नाही. पण तू नियमाचं विचारत नाहीयेस, हे मला कळतं.

लपवलं का? डोळे अधू झाले म्हणून क्रिकेटवाल्यांनी पांढरा कोट काढून घेतला. त्यानंतरचे रविवार कसे जायचे ते मी कोणाला सांगितलं नाही. शेजारचा कबीर एकदा म्हणाला, "अंकल, चला." तिथे कोणी मला काही विचारलं नाही, एक खुर्ची दिली आणि टोपी दिली. पहिल्या मॅचलाच मी उभा राहून ओरडलो. वर्षभर तुझी टिंगल केल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

हवं तर राखी परत पाठवतो. अजून हातातच आहे.

शशी

*

मिल्टन कीन्स, २६ ऑगस्ट २०२५

चि. शशी,

राखी परत करतात का रे कुठे? ठेव हातात.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी खुदकन हसू आलं. अडुळसा घे म्हणाले मी! पण "नशीब" हा शब्द अजून बोचतो. तनिषाला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. बोटं चावत बसली आणि मग खोलीत गेली. तिला लागलं असणार. एवढी मेहनत आणि तू म्हणतोस, नेम चुकला म्हणून जिंकलात.

परवा सेमीफायनल झाली. अकरा-एक. एक आमचा. मला वाटत होतं पंचावन्न टक्के आमचं आहे. दुसऱ्या इनिंगलाच सगळं आटोपलं. एका रविवारसाठी एवढा जीव टाकला होता मी.

आता तिचे खोके हॉलमध्ये आलेत. गाडीतले प्रश्न बंद झाले. काल मी म्हटलं, "चहाच?" ती फोनमध्ये होती. म्हणाली, "आय’म फाइन, आजी." तोच शब्द परत आला, शशी. मला माहीत होतं येणार.

पुढच्या वर्षीच्या शक्यता कोणी विचारू नका मला.

तुझी ताई

*

लीड्स, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय शशीआजोबा,

मी तनिषा. हा माझा आयुष्यातला पहिला मराठी पत्र आहे. मिस्टेक्स असतील, हसू नका. आजीने जाताना माझ्या बॅगेत तुमचा पत्ता आणि स्टॅम्प्स ठेवले होते. मी विचार केला, ओके, आजी, आय गेट द हिंट.

मला सॉरी म्हणायचा आहे आणि एक गोष्ट सांगायची आहे. आजीने तुमची पत्र वाचली तेव्हा मी काही बोलली नाही, कारण मला हसू येत होता आणि ती खूप सिरियस होती. मी खोलीत जाऊन उशीत हसली.

आजोबा, तो नशीब नव्हता.

पाचव्या इनिंगमध्ये मी चलीखा म्हणाली आणि कोणीतरी खोकला. मी परत चलीखा म्हणाली, परत खोकला. चरव म्हटलं, तर एकदम सायलेंट. मी तो खोकला लहानपणापासून ओळखते. तो श्रीखंडचा खोकला आहे. मी पूर्ण शॉक झाली. मी कॅचरच्या मास्कमधून पाहिलं, तर तुम्ही! निळ्या टोपीत! मला रडायला पण येत होता आणि ओरडायला पण. मग मी सुयशला सांगितलं, आता सगळा उलटा. मी खाली म्हटलं तर तू वर टाक, वर म्हटलं तर खाली. सुयशचा नेम एकदम परफेक्ट होता. कबीरला तुम्हीच आउट केलात.

आजीला तेव्हा सांगितलं नाही, कारण ती म्हणत होती तुम्ही तिच्यासाठी गप्प बसलात, आणि ती इतकी हॅपी होती. नंतर तुमचा खरं सांगणारा पत्र आला. मग सेमीफायनल हरलो आणि मी खूप वाईट वागली. मला वाटलं आता सीझन संपला, तर आजीशी काय बोलायचं? मला फक्त बेसबॉलचीच मराठी येते. म्हणून फाइन म्हणाली. तिचा चेहरा मी पाहिला होता. ते मला इथे रोज आठवते.

इथे युनीची टीम आहे. मी कॅचर झाली. आमची पिचर पोलंडची आहे, तिचा नाव झोफिया. पहिल्या प्रॅक्टिसला ती म्हणाली, आपण खुणा काय करायच्या? मी म्हणाली, खुणा नको. ती आता वर, खाली, बाहेर आणि वाकडा म्हणते. तिचा च माझ्यापेक्षा चांगला आहे. तिला विचारलं, लीड्समध्ये कोणाला मराठी कळली तर? ती म्हणाली, इथे कोणाला कळणार! मी तिला २०७ बसची गोष्ट सांगितली.

आजीला पण आज पत्र टाकते. त्यात हे सगळं लिहिलं आहे आणि विचारलं आहे, चरंख का चटंखो, म्हणजे खरं का खोटं, तिला माझी आठवण येते? ती रडेल. तुम्ही फोन करा, पण भांडू नका.

भाऊबीजला मी मिल्टन कीन्सला येणार. तुम्ही पण या. आजी श्रीखंड करणार आहे. हवं असेल तर सरळ मागा.

खोकू नका. मला आता खरा खोकला कुठला ते कळत नाही.

चझीतु,
तनिषा